रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे

डॉ. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (१६ फेब्रुवारी १८७६ – ६ मे १९६६) हे मराठी गणितज्ञ, शिक्षणतज्ज्ञ आणि बुद्धिवादी विचारवंत होते. रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळील मुर्डी येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईत धोंडो केशव कर्वे यांच्याकडे राहून त्यांनी शालेय शिक्षण घेतले. मॅट्रिक आणि बी.एस्सी. या मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत ते पहिले आले. पदवीचे शिक्षण त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात घेतले. गुणवत्तेवर मिळालेल्या भारत सरकारच्या शिष्यवृत्तीमुळे १८९६ मध्ये त्यांना केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात जाता आले. १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत त्यांनी जॉर्ज बर्टविसल यांच्यासह संयुक्तपणे प्रथम क्रमांक मिळवला. ‘सीनियर रँग्लर’ हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत.

सरकारी नोकरीतील मोठ्या पगाराची वाट न धरता, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य या नात्याने दिलेल्या वचनानुसार ते अल्प वेतनावर फर्ग्युसनमध्ये रुजू झाले. १९०२ ते १९२४ या काळात ते तेथे प्राचार्य होते. पुढे ते मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू आणि ऑस्ट्रेलियातील भारताचे उच्चायुक्त झाले.