रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे आणि तुमचे आरोग्य

रविवारी मुंबईला सुट्टी असते आणि मांडव्याला उतरणाऱ्या पाहुण्यांनी अलिबाग गजबजते. त्या दिवशी रिसॉर्टमध्ये खोल्या आवरणारी, हॉटेलात उभ्याने वाढणारी किंवा रिक्षा चालवणारी व्यक्ती कदाचित तुमच्याच घरातली असेल. तिला आठवड्यातला दुसरा कोणता दिवस मोकळा मिळतो का? हा प्रश्न आरोग्याचा आहे, हे ज्यांनी फार आधी ओळखले, त्यांची ही माहिती.

कोण होते लोखंडे?

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. महात्मा फुले यांचे ते सत्यशोधक सहकारी. मुंबईतल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर असताना त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, हवेत कापसाची धूळ आणि ठरलेली सुट्टी नाही. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने लहान मुलांना थोडे संरक्षण दिले, पण मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना मर्यादा घातली नाही. १८८० पासून ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी हे प्रश्न सतत मांडले.

१८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा बोलावली आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन दिले. मागण्या अशा होत्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचे अपंगत्व आल्यास निवृत्तिवेतन. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषण केले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची विश्रांती आली.

पुढे मुंबईत प्लेग पसरला. लोखंडे रुग्णांच्या मदतीला उतरले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनेच त्यांचे निधन झाले.

आज तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

सुट्टी ही मालकाची मेहेरबानी नसून शरीराची गरज आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. झोप अपुरी राहिली की रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणेही कठीण जाते.

सुट्टीचा दिवस निदानालाही मदत करतो. कापसाच्या धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारात सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. म्हणून खोकला, दम, त्वचेची खाज, डोकेदुखी किंवा कंबरदुखी असेल, तर सुट्टीत बरे वाटते का याकडे लक्ष द्या. तपासणीला आलात की काय काम करता, किती तास उभे असता, धूळ किंवा रसायनांशी संबंध येतो का, हे आपणहून सांगा. गोळ्यांच्या यादीइतकेच ते महत्त्वाचे आहे.

घरच्यांनी एवढे पाहावे:

- रविवारी काम असेल, तर आठवड्यातला दुसरा एक दिवस विश्रांतीसाठी ठरवून घ्या.
- उन्हात काम करणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे.
- रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी ‘सीझन आहे’ म्हणून चुकवू नका.
- पगारातून ईएसआयची कपात होत असेल, तर कार्ड घरी ठेवा. आजारपणात आणि कामावरच्या दुखापतीत या योजनेतून उपचार आणि नियमांनुसार रोख भरपाई मिळते.
- छातीत दुखणे, अचानक दम लागणे, तोंड वाकडे होणे किंवा एका बाजूची ताकद जाणे, यांपैकी काहीही झाले तर पाळी संपायची वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात न्या.

जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पगार मिळावा, असे लोखंड्यांनी १८८४ मध्ये मागितले होते. आज तुमच्या घरातला माणूस पगार कापला जाईल या भीतीने ताप अंगावर काढत असेल, तर त्याच्याशी आजच बोला.