लाकडातून लेस विणणारा कारागीर: ग्रिनलिंग गिबन्स

१७६९ साली होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाने आपल्या स्ट्रॉबेरी हिल इथल्या घरी परदेशी पाहुण्यांचं स्वागत केलं, तेव्हा त्याच्या गळ्यात लेसचा रुमाल होता. तो कापडाचा नव्हता, चक्क लाकडाचा होता! आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे आणि ग्रिनलिंग गिबन्सचं काम म्हणून ओळखला जातो. कोण होता हा कारागीर?

खिडकीतून लागलेला शोध

गिबन्सचा जन्म १६४८ साली हॉलंडमधल्या रॉटरडॅम इथे, इंग्रज आईवडिलांच्या पोटी झाला. विशीच्या आसपास तो इंग्लंडला आला. १६७१ च्या जानेवारीत डेप्टफर्डमधल्या एका एकाकी घरात तो काम करत असताना जॉन एव्हलिनची नजर खिडकीतून त्याच्यावर पडली. हा एव्हलिन म्हणजे रोजनिशीमुळे पुढे प्रसिद्ध झालेला गृहस्थ. गिबन्स त्या वेळी टिंटोरेटोचं येशूच्या क्रूसावरचं चित्र लाकडात कोरत होता.

एव्हलिनने त्याला राजा दुसरा चार्ल्स याच्यापर्यंत नेलं. राजाला काम आवडलं, पण विक्री काही झाली नाही. तरीही नाव झालं आणि काही वर्षांतच विंडसर कॅसलचं काम त्याच्याकडे आलं. १६९३ मध्ये तो राजघराण्याचा अधिकृत काष्ठशिल्पकार झाला.

एवढं खोल कोरीवकाम जमायचं कसं?

त्या काळी इंग्लंडमध्ये कोरीवकाम बहुतेक ओकच्या लाकडात होई. ओक टणक आणि ठसठशीत रेषांचा, त्यामुळे नाजूक काम करताना टवके उडायची भीती. गिबन्सने निवडलं लिंडन झाडाचं लाकूड. इंग्रजीत त्याला लाइम म्हणतात, पण आपल्या लिंबाशी त्याचा काही संबंध नाही. हे लाकूड फिकट, मऊ आणि एकसारख्या पोताचं असतं. धारदार पटाशी त्यात कोणत्याही दिशेने चालते.

दुसरी गोष्ट म्हणजे थर. पाहणाऱ्याला फुलं, फळं, पक्षी यांची माळ एकाच ओंडक्यातून काढल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात अनेक भाग वेगवेगळे कोरून एकावर एक खिळ्यांनी जोडलेले असत. असं केल्याने पाकळीच्या मागच्या बाजूलाही हत्यार पोचतं. मागचं लाकूड काढून टाकलं की पाकळी हवेत तरंगल्यासारखी दिसते आणि तिची सावली मागच्या गडद ओकवर पडते.

या पद्धतीचं काम आजही पेटवर्थ हाऊस, केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचं ग्रंथालय आणि लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये दिसतं. अर्थात एवढी कामं एकट्याने होत नाहीत. त्याच्या हाताखाली मोठी कार्यशाळा होती.

आगीने दाखवलेलं

गिबन्स १७२१ साली लंडनमध्ये वारला. आपण काम कसं करतो, हे त्याने लिहून ठेवलं नाही. १९८६ मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याला आग लागली. त्यात एका महिलेचा जीव गेला आणि गिबन्सचं सुमारे सात फूट लांबीचं एक कोरीवकाम जळून गेलं. ते पुन्हा घडवायची जबाबदारी डेव्हिड एस्टर्ली या अमेरिकन कारागिराला मिळाली.

वाचलेली कामं भिंतीवरून उतरवल्यामुळे त्याला ती मागून-पुढून पाहता आली. पृष्ठभागावर घासल्याच्या बारीक खुणा होत्या. सगळी सफाई फक्त पटाशीची, हा समज त्यामुळे डळमळला. हॉर्सटेल नावाची खरखरीत वनस्पती त्यासाठी वापरली असावी, असं एस्टर्लीचं मत होतं.

आज सुतार राउटरने वेगवेगळ्या आकाराच्या पट्ट्या काढतात आणि त्या एकावर एक बसवून रुंद, नक्षीदार मोल्डिंग तयार करतात. हत्यार बदललं, पण कारण तेच आहे: एका जाड तुकड्यात जो कोपरा गाठता येत नाही, तो थर वेगळे केले की सहज गाठता येतो.