भरतपूरचे तळे वाचवणारे सलीम अली म्हशींच्या बाबतीत कुठे चुकले?

जंगलालगतची सरकारी जमीन रिसॉर्टला द्यायची नाही, हे पटते. पण मग तिथे गुरे चारणाऱ्यांचे काय? पिंपळनेरच्या पश्चिम पट्ट्यासारख्या आदिवासी भागात हा प्रश्न आधी येतो. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांच्या आयुष्यात दोन्ही बाजू सापडतात.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्म. आई-वडील लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. पुढे सगळे आयुष्य पक्ष्यांमागे. रानपिंगळाही त्यांनी शोधला, पण त्यांना दिसला नाही. तो १९९७ मध्ये आपल्या शहाद्याजवळ सापडला.

स्वातंत्र्यानंतर भरतपूरच्या महाराजांचे शिकारीचे केवलादेव तळे कोरडे करून जमीन शेतीला द्यावी, अशी मागणी होती. अलींनी थेट नेहरूंकडे धाव घेतली आणि तळे वाचले. केरळच्या सायलेंट व्हॅलीतल्या धरणालाही त्यांनी विरोध केला. ते धरण झाले नाही.

भरतपूरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर १९८२ मध्ये चराई बंद झाली. अलीही बंदीच्या बाजूने होते. गावकरी चिडले, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पुढे अलींच्याच बीएनएचएस संस्थेच्या दीर्घ अभ्यासात उलटेच दिसले: म्हशी गेल्या आणि तळ्यात गवत माजले, पाणपक्ष्यांना मोकळे पाणी उरेना. गवत आवाक्यात ठेवण्याचे काम म्हशी फुकटात करत होत्या.

त्या अभ्यासाचा अंतिम अहवाल येण्याआधीच, २० जून १९८७ रोजी, अलींचे निधन झाले होते.