राजाची कृपा आणि कायद्याचे राज्य

म्हैसूरच्या के. आर. सर्कलमध्ये चौथ्या कृष्णराज वडियारांचा पुतळा आहे. म्हैसूरकर त्यांना आजही आदराने राजर्षी म्हणतात. मराठी वाचकाला या बिरुदाने प्रथम आठवतात ते कोल्हापूरचे शाहू महाराज. शाहूंनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, वयाच्या अठराव्या वर्षी, कृष्णराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. १८९४ मध्ये वडिलांचे निधन झाल्यापासून त्यांच्या मातोश्री राज्य सांभाळत होत्या.

म्हैसुरात प्रजाप्रतिनिधी सभा १८८१ पासूनच होती. कृष्णराजांच्या काळात १९०७ मध्ये विधिमंडळाची आणि १९१६ मध्ये विद्यापीठाची स्थापना झाली. मात्र सरकारी नोकऱ्यांत एकाच समाजाचे वर्चस्व होते. ही तक्रार ऐकून महाराजांनी १९१८ मध्ये मुख्य न्यायाधीश लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दिवाण विश्वेश्वरय्या यांना हे धोरण मान्य नव्हते. गुणवत्तेला बाधा येईल, अशी त्यांची भीती होती. त्याच वर्षाच्या अखेरीस ते पदावरून दूर झाले. इतका कर्तबगार दिवाण गमावूनही महाराज मागे हटले नाहीत. सात वर्षांच्या आत वरिष्ठ पदांपैकी निम्मी आणि कनिष्ठ पदांपैकी दोन तृतीयांश ब्राह्मणेतरांना मिळावीत, अशी समितीची शिफारस होती. १९२१ मध्ये त्या आधारे सरकारी आदेश निघाला. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला अशा निर्णयाची किंमत नेमकी कळते.

तरीही या चरित्राची दुसरी बाजू टाळता येत नाही. १९२३ मध्ये प्रतिनिधी सभेला कायद्याचा आधार मिळाला. पण दिवाण सभेला नव्हे, महाराजांनाच उत्तरदायी राहिले. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी वाढत गेली. २५ एप्रिल १९३८ रोजी विदुराश्वत्थ येथे काँग्रेसचा ध्वज लावण्यासाठी जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मारली गेली. पुढे वल्लभभाई पटेल आणि दिवाण मिर्झा इस्माईल यांच्यात समझोता होऊन ध्वजाला मुभा मिळाली. मात्र तीही सवलतच होती. ३ ऑगस्ट १९४० रोजी महाराजांचे निधन झाले, तेव्हा जबाबदार सरकार आलेले नव्हते. ते १९४७ च्या ऑक्टोबरात, मोठ्या आंदोलनानंतर आले.

मला या दोन घटना एकत्रच पाहाव्याशा वाटतात. ज्या सत्तेने १९२१ चा आदेश काढला, त्याच सत्तेच्या अमलाखाली १९३८ चा गोळीबार झाला. राजा न्यायप्रिय होता; परंतु त्याच्या न्यायबुद्धीपलीकडे दाद मागण्याचे ठिकाण प्रजेजवळ नव्हते. मानवी हक्कांना कायद्याच्या राज्याचे संरक्षण हवे, हे १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्याच्या प्रस्तावनेत नमूद झाले. आपल्या संविधानाने मागासवर्गीयांच्या आरक्षणाला अनुच्छेद १६ मध्ये आधार दिला, आणि मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट अनुच्छेद ३२ ने खुली केली.

आजही एखादा कार्यक्षम नेता वा अधिकारी दिसला की संस्थांची आठवण मागे पडते. कृष्णराजांइतके सज्जन राज्यकर्ते विरळाच असतात. त्यांच्या राज्यातही जे पुरेसे ठरले नाही, ते आपल्याला कसे पुरेल?