भुंगेऱ्यांची कुळी शोधणारे हेन्री बेट्स

कोकणातील आंबा बागायतदाराला भिरूड म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसू लागला की आत अळी शिरल्याचे तो ओळखतो आणि तार घेऊन भोके कोरायला बसतो. ही अळी ज्या भुंगेऱ्याची, त्याच्या डोक्यावरील शृंगिका कित्येकदा अंगाहून लांब असतात. अशा लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांच्या ३५ हजारांहून अधिक जाती आज शास्त्राला ठाऊक आहेत. या अवाढव्य गोतावळ्यात कोण कोणाचा सख्खा, कोण चुलत आणि कोण केवळ दिसायला सारखा, हे ठरविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात ज्यांनी आयुष्याची वर्षे वेचली, त्यांत हेन्री वॉल्टर बेट्स यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. जगाला बेट्स माहीत आहेत ते फुलपाखरांच्या सोंगांचे कोडे उलगडणारे म्हणून. त्यांचे भुंगेऱ्यांवरील काम मात्र तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी वाचलेले नाही. वस्तुतः पहिल्या कामाची किल्ली या दुसऱ्या कामात शोधावी लागते.

बेट्स यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी इंग्लंडमधील लेस्टर येथे झाला. हे गाव मोजे विणण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध होते आणि वडिलांचा व्यवसायही तोच. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि मुलगा एका मोजे व्यापाऱ्याकडे उमेदवारीला लागला. दिवसाचे तेरा तास काम. उरलेल्या वेळात ते कामगारांसाठी चालविलेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटच्या वर्गांना जात आणि सुटीच्या दिवशी जवळच्या चार्नवुडच्या रानात किडे गोळा करीत. त्यांचा भुंगेऱ्यांवरील पहिला टिपणवजा लेख झूलॉजिस्ट या मासिकात छापून आला तो १८४३ साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी.

पुढच्याच वर्षी लेस्टरच्या एका शाळेत आल्फ्रेड रसेल वॉलेस नावाचा तरुण शिक्षक रुजू झाला. बेट्स यांच्या घरची भुंगेऱ्यांची मांडणी पाहून तो थक्क झाला. एका गावाच्या आसपास इतक्या प्रकारचे भुंगेरे असू शकतात, याची त्याला कल्पनाच नव्हती. उत्क्रांतीच्या सिद्धान्तात पुढे डार्विन यांच्या बरोबरीने ज्याचे नाव घेतले गेले, त्या वॉलेस यांना कीटकांची गोडी लावली ती या मोजेवाल्याच्या मुलाने, हे मुद्दाम नोंदविले पाहिजे. विल्यम एडवर्ड्स यांचे अॅमेझॉनच्या प्रवासावरील पुस्तक १८४७ साली दोघांच्या हाती पडले आणि बेत ठरला. जाती कशा उत्पन्न होतात, या प्रश्नाचा मागोवा घ्यायचा. खर्च निघावा म्हणून नमुने गोळा करून लंडनमधील दलाल सॅम्युअल स्टीव्हन्स यांच्यामार्फत विकायचे. २६ एप्रिल १८४८ रोजी ते लिव्हरपूलहून निघाले आणि २८ मे रोजी ब्राझीलमधील पारा बंदरात उतरले.

काही काळाने दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. वॉलेस १८५२ साली परत निघाले तेव्हा त्यांचे जहाज भर समुद्रात पेटले व बहुतेक संग्रह जळाला. त्याआधी, १८५१ साली, वॉलेस यांचे धाकटे बंधू हर्बर्ट पारा येथे पीतज्वराने गेले. त्यांची शुश्रूषा करणारे बेट्स स्वतःही त्याच तापाने अंथरुणाला खिळले, परंतु वाचले. पुढे एगा या आडगावी त्यांनी चार वर्षांहून अधिक काळ काढला. हे गाव आज तेफे या नावाने ओळखले जाते. एकदा वर्षभर घरून ना पत्र आले ना पैसा. कपड्यांच्या चिंध्या झाल्या, पायांत जोडा राहिला नाही, नोकर पळाला आणि जवळचे बहुतेक पैसे चोरीस गेले. तरीही एगाच्या परिसरात त्यांनी कीटकांच्या सात हजारांहून अधिक जाती टिपल्या. अकरा वर्षांचा निव्वळ नफा सुमारे ८०० पौंड, म्हणजे वर्षाला पाऊणशे पौंडांच्या आतच. १८५९ साली प्रकृती ढासळल्याने ते परतले. वॉलेस यांची गत आठवून त्यांनी शेवटचा संग्रह तीन वेगवेगळ्या जहाजांतून पाठविला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे अकरा वर्षांत गोळा झालेल्या प्राण्यांच्या १४,७१२ जातींपैकी सुमारे आठ हजार शास्त्राला नवीन होत्या. त्यांत कीटकांचाच भरणा मोठा होता.

येथून खरे काम सुरू झाले. लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांचे वर्गीकरण ही मोठी डोकेदुखी आहे. अळी वाळक्या लाकडात वाढते. लाकूड कसदार असेल तर भुंगेरा थोराड निपजतो, निकस असेल तर त्याच जातीचा भुंगेरा निम्म्या आकाराचा राहतो. नराच्या शृंगिका मादीपेक्षा पुष्कळदा लांब असतात. रंगावर तर मुळीच भिस्त ठेवता येत नाही. त्यामुळे लंडन-पॅरिसमधील संग्राहकांनी एकेका नमुन्यावरून नावे दिली, तेव्हा एकाच जातीला दोन-तीन नावे पडण्याचे प्रकार सर्रास घडले. नावे देण्याची स्पर्धा आपल्याकडील रस्त्यांच्या नामकरणापेक्षा कमी चुरशीची नव्हती, असे गमतीने म्हणता येईल.

मग भेद पाहायचा कशात? मोठ्या गटांपुरते उत्तर त्यातल्या त्यात सोपे आहे. लॅमिइनी या उपकुलातील भुंगेऱ्यांचा चेहरा सरळ खाली उतरलेला असतो, तोंडाजवळील स्पर्शकाचे शेवटचे पेर टोकदार असते आणि पुढच्या पायाच्या नडगीवर आतल्या बाजूने एक तिरकी खाच असते. सेरँबिसिनी या उपकुलात चेहरा पुढे झुकलेला आणि स्पर्शकाचे टोक बोथट. प्रायोनिनी गटात छातीच्या पाठीकडील भागाला दोन्ही बाजूंनी धारदार कड असते. आंब्याचा भिरूड यांतील पहिल्या, म्हणजे लॅमिइनी गटातला. खरी कसोटी लागते ती या उपकुलांच्या आत. वाळक्या फांद्यांवर बसणारे, सालीच्या रंगाचे, करडे-तपकिरी, चपटे भुंगेरे शेकड्यांनी असतात आणि वरवर पाहता सगळे एकाच साच्यातून काढलेले वाटतात. बेट्स यांनी अॅमेझॉनमधील या भुंगेऱ्यांवरील आपली लेखमाला १८६१ ते १८६६ या काळात अॅनल्स अँड मॅगझिन ऑफ नॅचरल हिस्टरी या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पायाच्या खोबणीची घडण, छातीवरील काट्याची जागा, पंखांच्या कठीण आवरणांचे टोक कसे कापलेले आहे, अशा बारकाव्यांवर त्यांनी वंश वेगळे केले. लेप्टर्जेस आणि निसोड्रिस हे त्यांनी स्थापिलेले वंश आजही मानले जातात; निसोड्रिसमधील पुष्कळ जाती विसाव्या शतकात अन्य वंशांत गेल्या, हा भाग वेगळा.

बेट्स यांचे बळ असे की, हे भुंगेरे त्यांनी टाचणीला टोचलेले पाहण्याआधी जिवंत पाहिले होते. कोणता कोठे सापडला, कोणत्या फांदीवर, कोणत्या गावी, हे त्यांना ठाऊक होते. एकाच जातीचे नमुने नदीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरून आणलेले असल्याने एक रूप दुसऱ्यात कसे मिसळत जाते, हेही त्यांना दिसत होते.

आणि याच मांडणीत त्यांना बहुरूपी भेटले. स्ट्रेप्टोलाबिस हिस्पॉइडीस हा त्यांना सापडलेला लांब शृंगिकांचा भुंगेरा हुबेहूब एका काटेरी पानभुंगेऱ्यासारखा दिसतो. एरिथ्रोप्लाटिस या अगदी वेगळ्या वंशातील भुंगेराही त्याच पानभुंगेऱ्याचे रूप घेतो. ज्याने खोबण्या आणि खाचा तपासल्या नाहीत, तो या तिघांना एका माळेत ओवेल. ज्याने तपासल्या, त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो, की नाते नसताना रूप एक का? २१ नोव्हेंबर १८६१ रोजी लिनियन सोसायटीपुढे वाचलेल्या आणि पुढील वर्षी छापलेल्या निबंधात बेट्स यांनी फुलपाखरांच्या आधारे त्याचे उत्तर दिले. बेचव फुलपाखरांना पक्षी टाळतात. त्यांच्यासारखी दिसणारी दुसऱ्या कुळातील खाण्याजोगी फुलपाखरे त्यामुळे बचावतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे साम्य पक्के होत जाते. नैसर्गिक निवडीला मिळालेला हा भक्कम पुरावा पाहून डार्विन हरखून गेले. त्यांनी त्यावर निनावी परीक्षण लिहिले, बेट्स यांना प्रवासवर्णन लिहायला लावले आणि प्रकाशक जॉन मरे यांच्याशी गाठ घालून दिली. अॅमेझॉनवरील त्यांचे ते पुस्तक १८६३ साली निघाले व गाजले.

कीर्तीने पोट भरत नाही. त्याच सुमारास ब्रिटिश म्युझियमच्या प्राणिविभागातील जागेसाठी बेट्स यांनी अर्ज केला होता. ती जागा आर्थर ओशॉनेसी या तरुण कवीला मिळाली, असे सांगितले जाते. त्या कवीला प्राणिशास्त्राचे शिक्षण नव्हते. बेट्स यांच्याकडेही पदवी नव्हती, पण अकरा वर्षांचे जंगल होते. अखेर १८६४ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सहायक चिटणीस नेमले. नकाशे, सभा, मोहिमांची तयारी आणि नियतकालिकाचे संपादन यांत पुढची २७ वर्षे गेली. भुंगेरे उरले ते फावल्या वेळेपुरते, लेस्टरच्या दिवसांसारखेच.

त्या फावल्या वेळातील काम थक्क करणारे आहे. निकाराग्वातील चोंतालेस, जपान, मध्य अमेरिका, कोठलाही नवा संग्रह आला की तो बेट्स यांच्या टेबलावर येई. गॉडमन आणि साल्विन यांच्या बायोलॉजिया सेंट्राली-अमेरिकाना या ग्रंथमालेतील या भुंगेऱ्यांचा भाग त्यांनी १८७९ ते १८८६ या काळात लिहिला. १८८१ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. एंटमॉलॉजिकल सोसायटीचे अध्यक्षपदही त्यांनी दोनदा भूषविले. भारताच्या वाट्याला असा ग्रंथ आला तो त्यांच्या पश्चात, १९०६ साली, चार्ल्स गहान यांच्या हातून. पण त्यात लॅमिइनी गट नव्हता आणि त्याचा पुढचा खंड कधी निघालाच नाही. म्हणजे आपला भिरूड त्या ग्रंथाबाहेरच राहिला.

१६ फेब्रुवारी १८९२ रोजी बेट्स यांचे निधन झाले. त्यांचा लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांचा संग्रह फ्रान्समधील रेन येथील धनिक संग्राहक रने ओबर्थ्यूर यांच्याकडे गेला. ओबर्थ्यूर यांचा सारा संग्रह १९५२ साली पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने घेतला. बेट्स यांनी नावे दिलेला एखादा भुंगेरा खरोखर कोणता, याचा वाद उद्भवला की अभ्यासक आजही त्या मूळ नमुन्यांकडे वळतात.