टर्बोचे जनक : आल्फ्रेड ब्यूखी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात एखाद्या कवीवर, समाजसुधारकावर किंवा फार तर एखाद्या किल्ल्यावर लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी असूनही एका स्विस इंजिनिअरचे चरित्र लिहायला घेतले आहे, याचे कारण माझ्या मामांचे कराडचे गॅरेज. गेल्या काही वर्षांत तेथे येणाऱ्या पेट्रोल गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांच्या पाठीवर टर्बो हा शब्द झळकत असतो. गाडीचा मालक तो अभिमानाने मिरवतो, मेकॅनिक तो रोज उच्चारतो, आणि त्या शब्दामागे एका माणसाची वीस वर्षांची तपश्चर्या आहे हे दोघांच्याही गावी नसते. यंत्रविद्येच्या अभ्यासकांना आल्फ्रेड ब्यूखी हे नाव चांगले परिचित आहे. आपल्या शाखेत मात्र त्यांची ओळख करून द्यावी लागेल.

प्रथम त्यांनी काय केले ते थोडक्यात सांगतो. इंजिनात इंधन जाळायचे तर हवा लागते. इंधन हवे तेवढे ओतता येते. पण सिलिंडर स्वतः श्वास घेतो तेव्हा त्याच्या पोटात मावेल तेवढीच हवा आत येते. म्हणजे इंजिनाची ताकद शेवटी हवेवर अडते. दुसरीकडे, जाळलेल्या इंधनातील सुमारे एक तृतीयांश उष्णता तप्त वायूंबरोबर बाहेर निघून जाते. चुलीवर भाकरी भाजण्याऐवजी घराची भिंतच अधिक तापावी, तसा हा प्रकार. या वाया जाणाऱ्या वायूंनी एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबावी, ही ब्यूखींची कल्पना. हवा दाबून भरण्याचा विचार त्यांच्या आधीही झाला होता. गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्येच तसे पेटंट घेतले होते. परंतु तो पंप इंजिनालाच फिरवावा लागे, म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखे. ब्यूखींनी हे काम फेकून दिलेल्या उष्णतेवर सोपवले.

त्यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर या गावी झाला. वडील योहान ब्यूखी तेथल्याच सुल्झर या प्रसिद्ध कारखान्यात मोठ्या अधिकारपदावर होते. त्यामुळे लोखंडाचा वास आणि यंत्रांची घरघर या मुलाला पाळण्यापासूनच परिचयाची. योगायोग असा की, त्याच १८७९ साली रुडॉल्फ डिझेल नावाचा एक जर्मन तरुण विषमज्वरामुळे आपली अंतिम परीक्षा हुकल्याने, पुढची परीक्षा येईपर्यंत याच सुल्झरच्या कारखान्यात उमेदवारी करीत होता. एकाने पुढे इंजिन दिले आणि दुसऱ्याने त्याला दम दिला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असले योगायोग टाळवत नाहीत, वाचकांनी क्षमा करावी.

ब्यूखींनी १८९९ मध्ये झुरिकच्या संघीय तंत्रविद्यालयात प्रवेश घेतला आणि १९०३ मध्ये यंत्रशास्त्राची पदवी मिळवली. त्यानंतर बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये त्यांनी नोकरी केली. बेल्जियममधील गेंट शहरी कारेल्स बंधूंच्या कारखान्यात असताना वाया जाणाऱ्या उष्णतेच्या या प्रश्नाने त्यांना झपाटले. १६ नोव्हेंबर १९०५ हा त्यांच्या २०४६३० क्रमांकाच्या जर्मन पेटंटचा दिनांक. त्या वेळी त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते.

येथे एखाद्या बोधकथेत यशाचे दार उघडले असते. प्रत्यक्षात पुढची वीस वर्षे ते बंद राहिले. कल्पना निर्दोष होती, पण ती पेलणारा धातू बाजारात नव्हता. सतत लालभडक वायूत राहून प्रचंड वेगाने गरगरणारी पाती वितळता कामा नयेत, वाकता कामा नयेत आणि तुटताही कामा नयेत. शिवाय हवा दाबणारे चक्र इतके कार्यक्षम हवे की मिळालेली शक्ती त्याच्यातच खर्च होऊ नये. १९०५ मध्ये यांपैकी काहीच हाताशी नव्हते.

ब्यूखी मायदेशी परतले आणि १९०९ पासून वडिलांच्याच कारखान्यात डिझेल इंजिनांच्या संशोधनाला लागले. १९११ मध्ये सुल्झरने प्रायोगिक यंत्रणा उभारली. १९१५ मध्ये पहिला नमुना तयार झाला. पण त्याचा दाब स्थिर राहीना, आणि जाणकारांनी नाके मुरडली. त्याच वर्षी त्यांनी टर्बाइन बनवण्यात नाणावलेल्या ब्राऊन बोव्हेरी कंपनीशी पत्रव्यवहार सुरू केला. सहकार्याचा करार व्हायला १९२३ उजाडले! आठ वर्षे एका करारासाठी. महायुद्ध आले आणि गेले, माणूस मात्र त्याच प्रश्नाशी बसलेला.

मधल्या काळात इतरांनाही या कल्पनेचे महत्त्व पटू लागले होते. फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो आणि अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानांच्या पेट्रोल इंजिनांवर प्रयोग केले. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. मॉस यांनी १९१८ मध्ये एक विमानाचे इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या शिखरावर नेऊन चालवून दाखवले. टर्बोविना तेथे जेमतेम २३० अश्वशक्ती मिळत होती, टर्बो लावताच ती ३५६ वर गेली. हे काम मोठेच आहे. तरीही विमानाला दम हवा असतो तो विरळ हवेत हरवलेली ताकद परत मिळवण्यासाठी. जमिनीवरच्या इंजिनातून मुळापेक्षा अधिक ताकद, तीही वर्षानुवर्षे, काढणे हे काम निराळे होते.

ते साधले १९२५ मध्ये, आणि माझ्या मते ब्यूखींची खरी थोरवी १९०५ च्या पेटंटात नसून १९२५ च्या पेटंटात आहे. या वेळी त्यांनी चक्रांपेक्षा नळ्यांचा विचार केला. सिलिंडरमधून वायू संथ धारेने बाहेर येत नाहीत, नाडीसारखे ठोके देत येतात. सगळ्या सिलिंडरांच्या नळ्या एकत्र जोडल्या तर एकाचा ठोका दुसऱ्याच्या तोंडावर आपटतो आणि वाया जातो. म्हणून त्यांनी सिलिंडरांचे गट पाडले, प्रत्येक गटाची नळी टर्बाइनपर्यंत वेगळी नेली, आणि प्रत्येक ठोक्याचा जोर चक्रापर्यंत पोहोचवला. शिवाय हवा आत घेणारा आणि वायू बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकाच वेळी उघडे ठेवले. त्यामुळे ताज्या हवेचा झोत सिलिंडरातून आरपार जाऊन उरलेले जळके वायू झाडून काढतो आणि तापलेले भागही थंड करतो. शक्ती चाळीस टक्क्यांहून अधिक वाढली.

प्रॉइसेन आणि हान्सेष्टाट डान्झिग या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर १९२६ च्या सुमारास ही इंजिने बसली. दहा सिलिंडरांच्या प्रत्येक इंजिनाची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. (या दोन्ही जहाजांना १९४१ च्या जुलैत स्वीडनच्या किनाऱ्याजवळ पाणसुरुंगांनी एकाच दिवशी जलसमाधी मिळाली. असो.) त्याच १९२६ मध्ये ब्यूखींनी एक धाडस केले. सुल्झरमधील डिझेल विभागाचे प्रमुखपद, तेही वडिलांच्या कारखान्यातले, सोडून वयाच्या सेहेचाळिसाव्या-सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ब्यूखी सिंडिकेट स्थापन केली. टर्बो ब्राऊन बोव्हेरीने बनवायचे, चाचणीची इंजिने विंटरथूरच्या स्विस लोकोमोटिव्ह कारखान्याने पुरवायची, आणि तंत्राची व ग्राहकांची बाजू ब्यूखींनी सांभाळायची, अशी वाटणी होती. ज्या वयात आपल्याकडे माणसे भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब करू लागतात, त्या वयात त्यांनी हा डाव मांडला.

त्याची फळे आपल्या दाराशीही आली. १९६२ मध्ये अमेरिकेतून आलेली आणि १९६४ पासून वाराणसीला तयार होऊ लागलेली डब्ल्यूडीएम-२ ही सोळा सिलिंडरांची, २,६०० अश्वशक्तीची रेल्वे इंजिने टर्बोचीच होती. ती आणि त्यांची भावंडे पुणे-मिरज मार्गावर अनेक वर्षे धावली. स्टेशनातून निघताना ती काळ्या धुराचा लोट सोडत. इंधन तत्काळ वाढते, पण टर्बोचे चक्र वेग घेईपर्यंत हवा मागे राहते. तो काळा लोट म्हणजे उशिरा पोहोचलेली हवा होती.

ब्यूखींचे निधन २७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूर येथेच झाले. टर्बो लावलेली पेट्रोल मोटार सामान्य गिऱ्हाइकाला मिळू लागली ती त्यानंतर अडीच वर्षांनी, १९६२ मध्ये, अमेरिकेत. पेट्रोलला इतका उशीर का? डिझेल इंजिनात आधी नुसती हवा दाबली जाते, इंधन मागून येते. पेट्रोल इंजिनात मिश्रणच दाबले जाते. ते फार दाबले आणि तापले की ठिणगीची ज्योत पोहोचण्याची वाट न पाहता भलत्या वेळी आपोआप पेटते. यालाच मेकॅनिक नॉकिंग म्हणतात, आणि त्याने पिस्टन फुटू शकतो. त्यात पेट्रोलचे बाहेर पडणारे वायू डिझेलपेक्षा कितीतरी अधिक तप्त, ९०० अंश सेल्सिअसच्याही वर जाणारे. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये साडेतीन लिटरच्या इंजिनातून २१५ अश्वशक्ती काढली होती. पण नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथाइल अल्कोहोल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारावे लागे. ती टाकी भरायला मालक विसरत. दोन वर्षांत दहा हजारांपेक्षाही कमी गाड्या खपून हे प्रकरण आटोपले. १९७७ मध्ये साब कंपनीने जादा वायू बाजूने सोडून देणारे वेस्टगेटचे झाकण नीट वापरून रोजच्या वापराची टर्बो गाडी आणली, तेव्हा कोठे लोकांचा विश्वास बसू लागला.

आज एक लिटरचे, तीन सिलिंडरांचे छोटे इंजिन ११० ते १२० अश्वशक्ती देते. टर्बो नसता तर ती सत्तरच्या आसपास राहिली असती. मामांकडे येणाऱ्या तक्रारी मात्र ब्यूखींना नवख्या वाटल्या नसत्या. खालच्या वेगात पिकअप नाही, ही आगगाडीच्या काळ्या धुराचीच बहीण. शिटीसारखा आवाज येऊन ताकद पडली तर बहुधा हवेचा होज पाइप फाटलेला किंवा त्याची क्लिप सुटलेली असते. निळसर धूर निघाला तर टर्बोमधून तेल झिरपत असते. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. घाट चढून आल्याबरोबर गाडी बंद केली की तेलाचा प्रवाह थांबतो आणि उरलेले तेल तेथेच करपून काजळी धरते. म्हणून चढ संपल्यावर इंजिन मिनिटभर नुसते चालू ठेवावे आणि ऑइल वेळेवर बदलावे, असे मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतात. यातले अर्धेअधिक गिऱ्हाईक ते ऐकत नाही.

हल्ली पेट्रोल थेट सिलिंडरात फवारतात. पूर्वी व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात, आता ते धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी बसते. हा नवा त्रास. पण आत येताना नुसती हवाच येत असल्यामुळे, दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर उघडे ठेवून सिलिंडर झाडून काढण्याची १९२५ ची युक्ती पेट्रोल इंजिनालाही पेट्रोल न सांडता वापरता येऊ लागली. चार सिलिंडरांच्या अनेक इंजिनांत पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या लावून वायू टर्बोपर्यंत वेगवेगळ्या वाटांनी नेतात, तीही ब्यूखींचीच गटवारी. तीन सिलिंडरांच्या इंजिनाला एवढीही खटपट लागत नाही. तेथे ठोक्यांमध्ये मुळातच पुरेसे अंतर असते. सहा सिलिंडरांच्या इंजिनात तीन-तीनचे दोन गट पाडले जात, त्यांतला एक गट म्हणजेच आजचे हे सबंध इंजिन होय.