परळचे विद्यार्थी डॉ. द्वारकानाथ कोटणीस

काळाचौकीकरांना परळ परके नाही. तेथील शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे के.ई.एम. रुग्णालयाशी संलग्न संस्थेत, डॉ. द्वारकानाथ कोटणीस शिकले. आणि त्यांच्यावरच १९४६ साली परळच्याच राजकमल कलामंदिराने ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा युद्धपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम स्वतःच नायक झाले. नाव घरोघरी पोहोचले. माणूस मात्र काहीसा मागे राहिला, असे आम्हांस वाटते.

कोटणीसांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून धाडले. नागपूरचे डॉ. चोळकर, अलाहाबादचे डॉ. अटल, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे त्यांचे सोबती. चीनमध्ये असतानाच वडील निवर्तल्याची वार्ता आली. तरी ते थांबले. चौघे सोबती यथाकाल मायदेशी परतले, कोटणीस परतले नाहीत.

त्यांचे शौर्य बंदुकीचे नव्हते. एट्थ रूट आर्मीच्या गणवेशात ते डोंगराळ आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करीत. १९४० मधील एका दीर्घ लढाईत सलग ७२ तास झोप न घेता त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. औषधे अपुरी, साधने तुटपुंजी, भाषा परकी; ती त्यांनी शिकून घेतली. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तदोष होऊन १९३९ मध्ये वारले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. त्याच वर्षी तेथील परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९४२ मध्ये ते तेथील साम्यवादी पक्षाचे सदस्य झाले. आमच्या काही वाचकांना हे रुचणार नाही. पण चरित्र सांगताना ते झाकणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्र झाला. भारत आणि चीन या दोन्ही देशांची आठवण राहावी म्हणून त्याचे नाव यिनहुआ ठेवले. अवघ्या साडेतीन महिन्यांनी, ९ डिसेंबर रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय ३२ वर्षे. पुत्रही वैद्यकाचे शिक्षण पुरे होण्याआधीच तरुणपणी वारला. १९८२ मध्ये चीननेही त्यांच्यावर चित्रपट काढला. पत्नी छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या. त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या. डॉक्टरांची समाधी उत्तर चीनमधील शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे.